मेनी फार्म्स ते सेली : दिने कॉलेजची वाटचाल

संस्थेचा इतिहास ठरावाच्या तारखेपासून सुरू करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या रीतीने पाहिले तर दिने कॉलेजचा इतिहास 1968 च्या जुलै महिन्यात सुरू होतो. नवाहो आदिवासी परिषदेने त्या महिन्यात ‘नवाहो कम्युनिटी कॉलेज’ काढायचे ठरवले आणि अमेरिकेत प्रथमच एका आदिवासी समाजाचे कॉलेज त्या समाजाच्याच ताब्यात उभे राहिले. पण या कॉलेजातली मुले पुढे रोगांवरच्या संशोधनाकडे कशी वळली हे समजून घ्यायचे तर ठरावाच्या मागे सोळा वर्षे जावे लागते. कारण त्या भूमीवर संशोधन आधी पोचले होते, कॉलेज मागाहून आले.

या स्मरणिकेत आदिवासी मुलांपर्यंत उच्च शिक्षण नेणाऱ्या संस्थांच्या कथा आहेत. ही त्यातली सर्वांत लांबची. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत मिळून पसरलेला नवाहो राष्ट्राचा प्रदेश सुमारे 70,000 चौरस किलोमीटरचा आहे. माणसे विरळ, घरे दूरदूर, पाऊस बेताचा. हे लोक स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना बंदुकीच्या धाकाने शेकडो किलोमीटर चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेले. चार वर्षांनी, 1 जून 1868 रोजी तह होऊन ते घरी परतले. त्या तहात एक कलम शाळेचे होते : सहा ते सोळा वर्षे वयाच्या दर तीस मुलांमागे एक शाळागृह आणि एक शिक्षक सरकार देईल. सरकारने पुढे दिल्या त्या मुख्यतः निवासी शाळा. तिथे मुलांचे केस कापले जात आणि घरची भाषा बोलली तर शिक्षा होई. तहाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी नवाहोंनी स्वतःचे कॉलेज काढले. हा योगायोग नव्हता असे म्हणायला पुरावा नाही, पण तारीख तिथल्या लोकांच्या तोंडावर असते.

आता 1952. क्षयाने नवाहो प्रदेशात थैमान घातले होते आणि आयसोनियाझिड हे नवे औषध नुकतेच हाती आले होते. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजातले वॉल्श मॅकडरमॉट आणि त्यांचे सहकारी इथे आले, रुग्णांना ते औषध दिले आणि ते गुणकारी असल्याचे दिसून आले. त्यातूनच मोठी कल्पना निघाली. आधुनिक वैद्यकाचे सगळे सामर्थ्य एका गरीब, दूरच्या वस्तीत एकवटले तर लोकांचे आरोग्य किती सुधारेल? जागा निवडली मेनी फार्म्स. 1956 मध्ये दवाखाना सुरू झाला. आसपासच्या दोन हजारांच्या आसपास वस्तीवर डॉक्टर, परिचारिका, मोटारी, रेडिओ यांचा ताफा कामाला लागला. नवाहो तरुण-तरुणींना आरोग्य-भेटकार म्हणून शिकवून तयार केले गेले. ते दुभाषाचे काम करत, गाडी चालवत, घरोघर जात, इंजेक्शनेही देत.

या प्रयोगाला परिषदेची संमती होती, आणि ती मिळवून देणाऱ्यांत मुख्य नाव अ‍ॅनी वॉनेका यांचे. नवाहो नेते ची डॉज यांची ही मुलगी 1951 मध्ये परिषदेवर निवडून आली आणि आरोग्य समितीची धुरा तिने उचलली. सॅनेटोरियममधून पळून आलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन ती त्यांची समजूत घाली, जंतू म्हणजे काय हे वैदूंना समजावून सांगे आणि डॉक्टरांना वैदूंशी बोलायला लावी. वैद्यकीय शब्दांचा नवाहो कोश तयार करण्यात तिचा हात होता. 1963 मध्ये तिला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले. नवाहो समाजातले पहिले आरोग्य-संशोधक कोण, असा प्रश्न कुणी विचारला तर मी पदवी न पाहता वॉनेकांचे नाव घेईन.

प्रयोग 1962 मध्ये संपला. निष्कर्ष प्रामाणिक होते, म्हणूनच ते अजून वाचले जातात. क्षयाचा फैलाव घटला, पण तान्ह्या मुलांचे मृत्यू जवळजवळ होते तेवढेच राहिले, कारण ते अतिसार आणि न्यूमोनियाने होत होते. होगन नावाची एका खोलीची पारंपरिक घरे, मातीची जमीन, मैलोन्‌मैल लांबून आणलेले पाणी : यावर दवाखान्यात इलाज नव्हता. (अतिसारावरचा इलाज पुढे आला तो आपल्या बाजूने. 1971 मध्ये दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने माणसे वाचवली. भारतातच जन्मलेले डॉक्टर मथुराम संतोषम यांनी 1980 च्या दशकात अ‍ॅरिझोनातल्या अपाची मुलांवर त्याच उपचाराचा अभ्यास करून अमेरिकेतही तो चालतो हे दाखवून दिले.) दवाखाना बंद झाला, पथक परतले, आणि निबंध छापून आले. आरोग्य-भेटकार म्हणून तयार झालेल्या नवाहो मुलामुलींना मात्र त्या कामातून पुढे डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ होण्याची वाट उरली नाही. जवळपास तसे शिकवणारे कॉलेजच नव्हते.

सात वर्षांनी, जानेवारी 1969 मध्ये, कॉलेजचे पहिले वर्ग भरले ते याच मेनी फार्म्समध्ये. इमारत उसनी : सरकारी निवासी हायस्कूलच्या काही खोल्या. त्याआधी 1966 मध्ये जवळच्याच रफ रॉक गावी नवाहो पालकांच्या मंडळाने चालवलेली शाळा सुरू झाली होती, आणि ‘आपली शाळा आपण चालवू शकतो’ हा आत्मविश्वास तिथून आला होता. त्या शाळेचे संचालक रॉबर्ट रोसेल कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. ते गोरे होते. पत्नी रूथ नवाहो, स्वतः नामांकित शिक्षिका. लवकरच त्यांनी पद नेड हटाथली यांच्याकडे सोपवले. कॉलेजच्या अध्यक्षपदी बसणारे हे पहिले नवाहो. हटाथलींनी आधी नवाहो कारागिरांच्या हस्तकला मंडळाचा कारभार पाहिला होता, त्यामुळे पैसा कसा उभा करायचा आणि वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्यांशी कसे बोलायचे हे त्यांना चांगले ठाऊक होते. डिसेंबर 1971 मध्ये अमेरिकी संसदेने या एकाच कॉलेजसाठी वेगळा कायदा करून निधी दिला. पुढच्या वर्षी हटाथली वारले. 1973 मध्ये कॉलेज सेली येथे स्वतःच्या जागेत गेले.

सेली समुद्रसपाटीपासून सुमारे 7,000 फुटांवर आहे. मागे पाइनची झाडे असलेले डोंगर, समोर उघडे माळ. आवार वर्तुळाकार आखले आहे आणि होगनसारखेच त्याचे दार पूर्वेला आहे. मध्यभागी काचेच्या भिंतींची सहा मजली, बहुकोनी इमारत. तिला हटाथलींचे नाव दिले आहे. न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉक येथे दुसरे मोठे केंद्र निघाले. 1973 मध्येच इतर आदिवासी कॉलेजांबरोबर एक संघ स्थापन झाला, 1978 मध्ये या सगळ्यांसाठी निधीचा कायदा झाला. 1997 मध्ये संस्थेने नाव बदलून दिने कॉलेज असे घेतले.

कम्युनिटी कॉलेज हा प्रकार आपल्याकडे फारसा रुळलेला नाही, म्हणून थोडे सांगतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, कमी फी, प्रवेश जवळपास सर्वांना खुला. पुढे शिकायचे असेल तर चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचे. 1901 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला असे पहिले सरकारी कॉलेज निघाले, आणि 1947 च्या ट्रूमन आयोगाच्या अहवालानंतर त्यांचे जाळे देशभर पसरले. विद्यार्थी कोण, तर दिवसा काम करणारे, मुलाबाळांच्या आया, सैन्यातून परतलेले, घरात कुणीच कॉलेज न पाहिलेले. संशोधनाच्या जगात या कॉलेजांना कुणी फारसे विचारत नाही. खरे तर 1984 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे ब्रूस मेरिफिल्ड पासाडेनाच्या ज्युनियर कॉलेजातून पुढे गेले होते. मेक्सिकोतून कुंपण ओलांडून आलेला आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणारा आल्फ्रेदो किन्योनेस-इनोहोसा स्टॉकटनच्या सॅन होआकिन डेल्टा कॉलेजात रात्री शिकला. आज तो मेंदूच्या गाठींवर शस्त्रक्रिया करतो आणि त्यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा चालवतो. पण ही उदाहरणे माणसांच्या जिद्दीची. त्यांतून व्यवस्थेबद्दल काही सिद्ध होत नाही.

व्यवस्था बदलण्याचा प्रयत्न सरकारी पातळीवर सुरू झाला तो 1970 च्या दशकात. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, ही अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणारी सर्वांत मोठी सरकारी यंत्रणा. तिच्यात 1969 पासून सल्लागार म्हणून काम करणाऱ्या जेराल्डिन पिटमन वुड्स या कृष्णवर्णीय जीवशास्त्रज्ञ बाईंनी एक साधी गोष्ट हेरली. लहान कॉलेजांना अनुदान मिळत नाही याचे कारण अनेकदा हे असते की तिथल्या प्राध्यापकांना अर्ज लिहायला कुणी शिकवलेले नसते. त्यांनी त्यासाठी शिबिरे भरवली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कॉलेजांत संशोधन उभे करणाऱ्या दोन मोठ्या योजना त्या काळात निघाल्या, त्यांच्या उभारणीत वुड्सबाईंचा वाटा मोठा होता. 1992 मध्ये खास कम्युनिटी कॉलेजांसाठी ‘ब्रिजेस टू द बॅकलॉरिएट’ ही योजना आली. दोन वर्षांचे कॉलेज आणि चार वर्षांचे विद्यापीठ यांची जोडी लावायची. मुलांनी सुट्टीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करायचे. त्या कामाचा मेहनताना द्यायचा, म्हणजे त्यांना पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात नोकरी धरावी लागणार नाही. आणि आधी मिळवलेले श्रेयांक विद्यापीठात वाया जाणार नाहीत असे बघायचे. एनआयएचमध्ये अशा योजनांचा विभाग 1994 पासून बराच काळ सांभाळणारे क्लिफ्टन पूड्री हे स्वतः सेनेका आदिवासी, न्यूयॉर्क राज्यातल्या राखीव प्रदेशात वाढलेले. त्यामुळे अशा मुलाला प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी काय वाटते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाने जो असा पूल बांधला, त्यात दिने कॉलेजही होते.

मेहनतान्याचा मुद्दा वाचायला किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही. सुट्टीत मुलगा घरी आला की घरची मेंढरे आणि घरचा खर्च दोन्ही त्याच्यावर असतात. नवाहो प्रदेशात सुमारे 30 टक्के घरांत नळाचे पाणी नाही. ते टाकी लावलेल्या गाडीतून आणावे लागते आणि त्या गाडीत पेट्रोल घालावे लागते. प्रयोगशाळेतले काम फुकट असेल तर ते कुणाच्या मुलांनी करायचे हे आधीच ठरते.

पण नवाहो मुलांपुढची अडचण पैशापाशी संपत नव्हती. दिने परंपरेत मृत देहाशी संपर्क टाळतात. प्रेत असलेल्या जागेपासून दूर राहायचे, मेलेल्या प्राण्याला विनाकारण हात लावायचा नाही. जीवशास्त्राच्या पहिल्याच वर्गात विच्छेदन असते. डॉक्टर लोरी आर्व्हिसो अल्व्हर्ड या पहिल्या नवाहो महिला शल्यविशारद. त्यांनी या पेचाबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. मोठ्या विद्यापीठात अशा मुलीला दोनच वाटा : मनाविरुद्ध सुरी उचलायची किंवा विषय सोडायचा. दिने कॉलेजात निदान या गोष्टीवर बोलता तरी येते. तिथे शिक्षणाची चौकटच दिने विचारातून घेतली आहे : पूर्वेला विचार, दक्षिणेला आखणी, पश्चिमेला जगणे, उत्तरेला त्यातून आलेली खातरजमा. नित्साहाकेस, नहाता, ईना, सिहासिन. विज्ञान शिकवणाऱ्यांना या चौकटीत संशोधनाच्या पायऱ्या बसवायला फार खटाटोप करावा लागला नाही, कारण प्रश्न, योजना, काम आणि फेरविचार हा क्रम दोन्हीकडे एकच. अशी सांगड घातली की ती कधीकधी भिंतीवरच्या फलकापुरती उरते, हे आपल्या संस्थांच्या अनुभवावरून मला माहीत आहे. इथे ती कामात उतरली, कारण अभ्यासाचे विषयच घरचे होते.

सर्वांत घरचा विषय युरेनियम. 1944 ते 1986 या काळात नवाहो भूमीतून जवळपास 3 कोटी टन युरेनियमचे खनिज काढले गेले. अनेक वर्षे त्याचा एकमेव खरीदार अमेरिकी सरकार होते. खाणीत वारा खेळवण्याची सोय नव्हती; मजूर धूळ अंगावर घेऊन घरी येत, बायका ते कपडे धूत. 1950 पासून सरकारी आरोग्य खाते याच खाणकामगारांचा अभ्यास करत होते, त्यांच्या तपासण्या करत होते आणि धोक्याची पुरेशी कल्पना त्यांना देत नव्हते. फुप्फुसाचा कर्करोग वाढतो आहे हे आकड्यांत दिसल्यावरही नुकसानभरपाईचा कायदा यायला 1990 उजाडले. 16 जुलै 1979 रोजी चर्च रॉक येथे गाळाचा बांध फुटला आणि 9 कोटी 40 लाख गॅलन किरणोत्सारी आम्लयुक्त पाणी प्यूर्को नदीत गेले. सोडून दिलेल्या खाणींची संख्या 500 च्या वर आहे.

शिपरॉक गावातच युरेनियम शुद्ध करण्याची जुनी गिरणी होती, आणि तिचा कचरा आजही सॅन हुआन नदीच्या काठावरच्या बांधाखाली पुरलेला आहे. कॉलेजच्या शिपरॉक केंद्रात युरेनियमविषयी लोकशिक्षणाचा कार्यक्रम निघाला. त्यात पुढाकार घेणारे पेरी चार्ली हे खाणकामगाराचे पुत्र. किरणोत्सार म्हणजे काय हे म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगायचे, विहिरींचे पाणी तपासायचे, खाणकामगारांच्या आठवणी नोंदवून घ्यायच्या आणि या सगळ्यात विद्यार्थ्यांना सोबत न्यायचे असे ते काम होते. ज्या मुलाने आजोबांचा खोकला ऐकत बालपण काढले आहे त्याला फुप्फुसाच्या रोगावरचा निबंध वाचायला वेगळे कारण द्यावे लागत नाही. 2005 मध्ये नवाहो राष्ट्राने आपल्या भूमीवर युरेनियम काढण्यास कायद्याने बंदी घातली.

1993 च्या मे महिन्यात नवाहो प्रदेशात धडधाकट तरुण माणसे काही दिवसांत श्वास कोंडून मरू लागली. वर्तमानपत्रांनी या आजाराला थेट ‘नवाहो फ्लू’ म्हटले. शेजारच्या गावांतल्या हॉटेलांत नवाहोंना टाळले जाऊ लागले. अटलांटातल्या केंद्रीय रोगनियंत्रण केंद्राच्या शास्त्रज्ञांनी काही आठवड्यांत विषाणू ओळखला. तो उंदरांमार्फत पसरणारा हंताविषाणू निघाला. पण त्याआधी म्हाताऱ्या वैदूंनी नवाहो डॉक्टरांना सांगितले होते की पाऊस जास्त झाला की पिन्योनचे दाणे उदंड येतात, उंदीर माजतात आणि मग असे मरण येते. 1918 आणि 1933 मध्ये असेच झाले होते. शास्त्रज्ञांना आठवड्यांनी सापडलेले सूत्र लोकांच्या आठवणीत होते. विषाणूला स्थळाचे नाव द्यायला स्थानिकांनी विरोध केला, म्हणून त्याला अखेर ‘सिन नोम्ब्रे’, बिननावाचा, असे नाव मिळाले.

या सगळ्यातून नवाहो राष्ट्राने धडा घेतला तो कागदावर उतरवला. 1996 मध्ये त्यांनी स्वतःचे संशोधन परीक्षण मंडळ नेमले. नवाहो माणसांवर कुठलाही अभ्यास करायचा तर या मंडळाची परवानगी लागते. आधी स्थानिक चॅप्टरची संमती, म्हणजे आपल्या ग्रामसभेसारख्या सभेत उभे राहून उत्तरे द्यायची, मग आरोग्य केंद्राची, मग मंडळाची. काम संपल्यावर निष्कर्ष आधी लोकांपुढे मांडायचे, छापायचे नंतर. माहितीवर हक्क नवाहो राष्ट्राचा. विद्यापीठांतल्या संशोधकांची या दिरंगाईबद्दल तक्रार असते. ती समजण्यासारखी आहे, पण माझ्या मते अवाजवी आहे. शेजारच्या हवासुपाई समाजाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. 1990 पासून काही वर्षे अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचे रक्त घेतले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, अंतर्विवाह आणि समाजाच्या मूळ स्थलांतराचे अभ्यास झाले. 2003 मध्ये एका प्रबंधाच्या सादरीकरणाला कार्लेटा टिलूसी ही शिकलेली हवासुपाई तरुणी बसली होती. या कामासाठी परवानगी घेतली होती का, असे तिने विचारले, आणि त्या एका प्रश्नातून खटला उभा राहिला. 2010 मध्ये विद्यापीठाने 7 लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. नवाहो राष्ट्राने त्याआधीच, 2002 मध्ये, जनुकीय संशोधनाला स्थगिती दिली होती.

सिकलसेलच्या तपासणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त देणाऱ्या नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यांतून अशा सादरीकरणाला येऊन बसणाऱ्या मुली किती, हा प्रश्न इथे मनात येतोच.

दिने कॉलेजचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम या पार्श्वभूमीवर पाहावा. या शतकाच्या आरंभी तो सुरू झाला. त्याच सुमारास भारतीय आरोग्य सेवा (म्हणजे तिथल्या आदिवासींसाठीची केंद्रीय आरोग्य यंत्रणा) आणि एनआयएच यांनी मिळून आदिवासी आरोग्य संशोधन केंद्रांची योजना काढली होती. तिची खुबी अशी की अनुदान आदिवासी संस्थेच्या नावे येते आणि विद्यापीठ जोडीदार म्हणून सोबत राहते. उन्हाळी कार्यक्रम साधारण दहा आठवड्यांचा. सुरुवातीला वर्गात रोगपरिस्थितिविज्ञान, आकडेवारी, प्रश्नावली कशी करावी, संमतिपत्र कसे असावे हे शिकवतात. मग विद्यार्थी आपापल्या भागातल्या आरोग्य केंद्रात किंवा संस्थेत कामाला जातात. मधुमेह, कर्करोग, तंबाखू असे विषय. तंबाखूच्या अभ्यासात विधीसाठी वापरायची पवित्र तंबाखू आणि दुकानातली सिगारेट हा फरक प्रश्नावलीत नीट आला पाहिजे. बाहेरच्या माणसाच्या प्रश्नावलीत तो हमखास सुटतो आणि आकडे चुकतात. शेवटी सगळे एकत्र येऊन आकडे मांडतात, लोकांपुढे उभे राहून बोलतात.

ऐकणाऱ्यांत आजी असते. तिला इंग्रजी येत नाही. मग नातवाला ‘धोक्याचे प्रमाण’ नवाहोत सांगावे लागते आणि ते सांगताना स्वतःला नीट कळले आहे की नाही हे त्याचे त्यालाच समजते. विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेपेक्षा ही परीक्षा कठीण असावी.

अशा कार्यक्रमांना पैसा देणारे शेवटी एकच विचारतात : यातून पीएच.डी. किती झाले? हिशेब मागणे योग्य आहे. पण नवाहो प्रदेशात एवढ्याच आकड्यावर जाणे फसवे आहे. दहा आठवड्यांत संमतिपत्र वाचायला शिकलेला विद्यार्थी पुढे परिचारिका होतो, शाळेत विज्ञान शिकवतो, चॅप्टरच्या सभेत बसतो. उद्या एखादा प्राध्यापक रक्ताचे नमुने मागायला आला की काय विचारायचे हे त्याला ठाऊक असते. 1956 मध्ये मेनी फार्म्सच्या सभेत वॉनेकांसारखे एखादेच माणूस असे विचारू शकत होते. आणि ज्यांना पुढे जायचे आहे ते जातातही. क्रिस्टल सोसी या दिने जनुकशास्त्रज्ञ. दिने कॉलेजच्या विद्यार्थिनी नव्हेत, पण या प्रश्नांतूनच घडलेल्या. 2018 मध्ये साउथ डकोटातल्या शायन रिव्हर राखीव प्रदेशात त्यांनी इतर आदिवासी शास्त्रज्ञांबरोबर जनुकीय माहितीचे असे भांडार उभे केले, ज्याचा ताबा आदिवासींकडेच आहे. जनुकीय संशोधनाला ‘नको’ म्हणणारा समाज आणि ‘आमच्या अटींवर’ म्हणणारा समाज यांच्यामधले अंतर अशी माणसे तोडतात.

2020 च्या मे महिन्यात कोविडचे दरडोई रुग्ण नवाहो राष्ट्रात न्यूयॉर्कपेक्षाही अधिक झाले. पाणी नसलेल्या घरात वीस सेकंद हात धुवायचा सल्ला पोचला. त्याच वर्षी लसीच्या चाचणीत नवाहोंनी भाग घ्यावा की नाही यावर मोठा वाद झाला. परीक्षण मंडळाने तपासून परवानगी दिली, काहीजणांनी भाग घेतला, काहींनी ठाम नकार दिला. लस आल्यावर मात्र नवाहोंनी ती झपाट्याने घेतली. लसींशी त्यांचे नाते जुने आहे : लहान मुलांच्या मेंदूज्वरावरच्या हिब लसीची एक महत्त्वाची चाचणी 1980 च्या दशकाअखेर नवाहो बाळांवरच झाली होती, आणि आज आपल्या अंगणवाडीत पंचगुणी लसीतून बाळांना हिब लसच दिली जाते.

2017 पासून कॉलेजचे अध्यक्ष चार्ल्स मॉन्टी रोसेल आहेत, म्हणजे रॉबर्ट आणि रूथ रोसेल यांचे चिरंजीव. मधल्या काळात दोन वर्षांचे कॉलेज चार वर्षांच्या पदव्या देऊ लागले. जीवशास्त्राची पदवी आता सेलीतच मिळते, आणि त्या विषयात पदव्युत्तर अभ्यासाचीही सोय झाली आहे. दुसऱ्या वर्षानंतर घर सोडून जाण्याची सक्ती, जिथे पूर्वी सर्वाधिक विद्यार्थी गळत, ती त्यामुळे बरीच कमी झाली. 2025 मध्ये एनआयएचने ‘ब्रिजेस’सह अल्प प्रतिनिधित्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या अनेक प्रशिक्षण योजना गुंडाळल्या. आदिवासी कॉलेजांच्या केंद्रीय निधीवरही त्याच वर्षी टांगती तलवार आली. विज्ञानातल्या डॉक्टरेटसाठी नवाहो विद्यार्थ्याला आजही आल्बुकर्की, टूसॉन किंवा फ्लॅगस्टाफ गाठावे लागते, आणि तिथल्या उन्हाळ्याचे भाडे आणि जेवणखर्च कुठून भागवायचा, हा प्रश्न पुन्हा सेलीच्या अध्यक्षांच्या टेबलावर येऊन पडला आहे.